महिन्याचं इंजेक्शन पुन्हा आठवड्यावर आणायचं का?

मल्टिपल मायलोमाच्या रुग्णाची फाईल जाडजूड असते, पण घरच्यांना तिच्यातला एकच आकडा पाठ असतो, तो म्हणजे एम-बँड. तो ३.८ वरून ०.२ वर आला तेव्हा घरात पेढे आलेले असतात. त्यानंतर दीड-दोन वर्षं महिन्यातून एकदा डे-केअरला जायचं, ‘डारा’ घ्यायचं आणि जेवायला घरी परतायचं, असा क्रम बसलेला असतो. मग एका रिपोर्टात ०.४ येतं. पुढच्यात ०.६. ओपीडीत बसता बसता मुलगा विचारतो, “सर, सुरुवातीला दर आठवड्याला देत होतो तेव्हा बाबांचं झपाट्यानं खाली आलं होतं. मग परत आठवड्यालाच देऊ या ना?”

असा प्रश्न कुणालाही सुचेल. ताप उतरत नसेल तर गोळी दोनदाऐवजी तीनदा घ्यायची, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. पण ‘डारा’, म्हणजे डाराट्युमुमॅब, हे प्रतिपिंड आहे, म्हणजे अँटिबॉडी, आणि तिचं वेळापत्रक वेगळ्या हिशेबावर चालतं. तो हिशेब कळला की मुलाच्या प्रश्नाला डॉक्टर कधी ‘हो’ म्हणतात आणि कधी मान हलवून दुसऱ्याच औषधाचं नाव का काढतात, ते उलगडतं.

आधी आजार. आपल्या बोनमॅरोत, म्हणजे अस्थिमज्जेत, प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंविरुद्ध प्रतिपिंडं तयार करणं हे त्यांचं काम. मायलोमात अशी एकच पेशी बिघडते, तिच्या हुबेहूब नकला वाढत जातात, आणि त्या सगळ्या मिळून एकच, बिनकामाचं प्रतिपिंड रक्तात सोडत राहतात. इलेक्ट्रोफोरेसिसच्या तपासणीत त्याचा जो उंच सुळका दिसतो तोच एम-बँड. यात एक विलक्षण योगायोग आहे. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी प्रयोगशाळेत हवं ते एकच प्रतिपिंड अखंड बनवण्याची रीत शोधली, तेव्हा त्यांनी उंदराच्या प्लीहेतली पेशी जोडली ती उंदराच्या मायलोमाच्या पेशीशीच. सतत एकच प्रतिपिंड ओतत राहायची त्या पेशीची खोड आणि तिचं अमरत्व, दोन्ही कामाला आलं. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. प्रतिपिंडाचं औषध हे अशा पेशी सांभाळण्याच्या कसबातून जन्मलेलं आहे. मायलोमाच्या उपचाराला मायलोमाच्याच पेशीनं हातभार लावावा, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

डाराट्युमुमॅब प्लाझ्मा पेशींच्या अंगावरच्या सीडी३८ नावाच्या प्रथिनाला चिकटतं. हे प्रथिन मायलोमाच्या पेशींवर भरपूर असतं. औषध चिकटलं की त्या पेशीवर जणू खूण झाली. मग शरीरातल्या एनके नावाच्या संरक्षक पेशी तिला मारतात, मॅक्रोफेज तिला गिळतात, रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं तिला भोकं पाडतात. म्हणजे औषध स्वतः थोडं मारतं आणि बरंचसं मारून घेतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचीच गरज पडणार आहे.

आता वेळापत्रक. नेहमीच्या पद्धतीत पहिले आठ आठवडे दर आठवड्याला एक डोस. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत पंधरवड्याला एक. पंचविसाव्यापासून दर चार आठवड्यांनी एक. पहिल्या वर्षात हे एकूण २३ डोस होतात, नंतर दर वर्षी १३. जोडीला बोर्टेझोमिब हे औषध असेल तर मधला टप्पा तीन आठवड्यांच्या अंतरानं जातो, पण उतरत्या पायऱ्या त्याच. शिरेतून द्यायचं तर किलोमागे १६ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ९६० मिलिग्रॅम लागतं, आणि कुप्या मिळतात ४०० च्या आणि १०० च्या. म्हणजे दोन मोठ्या, दोन छोट्या, आणि ४० मिलिग्रॅम टाकून द्यायचं किंवा डोस जवळच्या आकड्यावर आणायचा. पहिल्या दिवशी हे सलाईन सात तास चालतं. पोटाच्या कातडीखाली द्यायचा प्रकार २०२० साली अमेरिकेत मंजूर झाला. त्यात वजन काहीही असो, १८०० मिलिग्रॅमचा एकच डोस, १५ मिलिलिटर, बेंबीपासून चार बोटं बाजूला, तीन ते पाच मिनिटांत. ‘इतकंच?’ असं पहिल्यांदा घेणारा रुग्ण हमखास विचारतो.

सुरुवातीला घाई आणि नंतर सैल, असं का? उन्हाळ्यात बाणेर-वाघोलीच्या सोसायट्या टँकरचा जो हिशेब करतात, तोच इथे आहे. टाकी रिकामी आणि माणसं भरपूर, तेव्हा रोज टँकर लागतो; टाकी भरली आणि निम्मे लोक गावाला गेले की अधूनमधून एक पुरतो. आजार जोरात असताना सीडी३८ असलेल्या पेशी अब्जावधी असतात. त्या औषध चिकटवून घेतात आणि संपवतात. म्हणून आठवड्याला एक डोस देऊन रक्तातली पातळी चढवत न्यायची. आठ आठवड्यांनंतर, नवव्या डोसच्या जरा आधी, दोन डोसांमधली ही किमान पातळी सर्वांत उंच असते आणि बहुतेक रुग्णांत सीडी३८ च्या जवळपास सगळ्या जागा औषधानं व्यापलेल्या असतात. तोवर पेशीही मरून कमी झालेल्या असतात. खाणारी तोंडं कमी झाली की औषध अंगात टिकतं. पातळी अर्ध्यावर यायला मग सुमारे १८ दिवस लागतात. म्हणून महिन्याला एक पुरतो.

मुलाचा प्रश्न आता नीट मांडता येतो. आजार परत वाढू लागला, पेशी वाढल्या, त्या औषध जास्त वेगानं संपवू लागल्या, महिनाअखेर पातळी घसरली, असं झालं असेल तर डोस जवळ आणण्यात अर्थ आहे. पण औषध पुरेसं असूनही पेशी मरत नसतील, तर आठवड्याला काय आणि रोज काय, भरलेल्या जागेवर आणखी औषध बसत नाही.

पण त्याआधी खरंच वाढलंय का, ते पाहायला हवं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे, आणि घरच्यांच्या हातात असलेलाही हाच.

०.२ चे ०.६ झाले म्हणजे तिप्पट झाले, असं घरी म्हटलं जातं आणि झोप उडते. आंतरराष्ट्रीय मायलोमा गटाच्या निकषांत मात्र आजार ‘वाढला’ म्हणायला दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात: सर्वांत कमी आकड्यापेक्षा किमान २५ टक्के वाढ, आणि ती वाढ किमान ०.५ ग्रॅम प्रति डेसिलिटर. शिवाय पुन्हा तपासून खात्री. इथे टक्केवारी २०० आहे, पण प्रत्यक्ष वाढ ०.४. म्हणजे अट अजून पुरी झालेली नाही, ०.७ आलं आणि पुढच्या तपासणीतही राहिलं, तर झाली. एवढ्या लहान सुळक्याची मोजणी तशीही अंदाजाची असते. आलेखावर सुळका कुठून सुरू झाला आणि कुठे संपला याच्या रेघा लॅबमधलं माणूस ठरवतं. रेघ जराशी सरकली तरी ०.२ चे ०.३ होतात. एक महिना कोथरूडच्या लॅबमध्ये, दुसरा महिना हडपसरच्या, तिसरा घरी येऊन रक्त नेणाऱ्या ऑनलाइन कंपनीकडे, असं केलं की मिळणारा चढउतार आजाराचा किती आणि लॅबचा किती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सवलतीचं कूपन बाजूला ठेवून एकच लॅब धरावी.

फ्री लाइट चेनच्या, म्हणजे रक्तात सुट्या फिरणाऱ्या प्रतिपिंडाच्या तुकड्यांच्या, तपासणीत घोळ आणखी वेगळा. काही रिपोर्ट मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक. मागच्या रिपोर्टात ४.२ आणि या रिपोर्टात ४२ दिसलं की छातीत धस्स होतं. आकड्याशेजारचं बारीक अक्षर वाचलं की कळतं, काहीच बदललेलं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडेही एकमेकांशी जुळत नाहीत. मूत्रपिंड मंदावलं तर कॅप्पा आणि लॅम्डा हे लाइट चेनचे दोन्ही प्रकार वाढतात, म्हणून त्यांचं गुणोत्तर पाहायचं. ते साधारण ०.२६ ते १.६५ मध्ये असेल तर बरं. पावसाळ्यात डेंग्यू किंवा छातीचा संसर्ग होऊन गेला असेल, तर चांगल्या प्लाझ्मा पेशीही कामाला लागलेल्या असतात. अशा वेळी तीन-चार आठवडे थांबून पुन्हा तपासणं शहाणपणाचं.

आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट: डाराट्युमुमॅब हे स्वतःच आयजीजी-कॅप्पा जातीचं प्रतिपिंड आहे. म्हणजे इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर औषधाचीही एक फिकट रेघ उमटते. रुग्णाचा मायलोमा आयजीजी-कॅप्पाच असेल, तर ही उरलेल्या आजाराची रेघ की कालच्या इंजेक्शनची, असा पेच पडतो. डोस जवळ आणले तर औषधाची रेघ जरा ठळकही होऊ शकते! उपचार वाढवल्यावर आकडा किंचित वर गेला म्हणून कुणी हबकून जायला नको. दोन रेघा वेगळ्या करायची खास तपासणी असते, पण पुष्कळदा डॉक्टर साधा मार्ग घेतात: रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी द्यायचं, म्हणजे औषधाची पातळी किमान असते. रिपोर्ट लावणाऱ्या डॉक्टरला रुग्ण ‘डारा’वर आहे हे माहीत असायला हवं, एवढंच घरच्यांचं काम.

समजा, दोन-तीन महिने एकाच लॅबमध्ये तपासून वाढ खरी ठरली. तरी लगेच उपचार बदलतातच असं नाही. इथे वेग पाहतात. ०.६, ०.६५, ०.७ अशा गोगलगायीच्या चालीनं जाणारा आजार, हिमोग्लोबिन चांगलं, क्रिएटिनिन जागच्या जागी, कॅल्शियम ठीक, हाडांत नवं दुखणं नाही: असा रुग्ण कित्येक महिने नुसत्या पहाऱ्यावर राहू शकतो. याउलट दोन महिन्यांच्या आत एम-बँड दुप्पट होऊन १ च्या पुढे गेला, किंवा लाइट चेन झपाट्यानं चढल्या, तर लक्षणांची वाट पाहायची नसते. लाइट चेन मूत्रपिंडाच्या नळ्यांत साचतात, आणि गेलेलं मूत्रपिंड परत येईलच याची खात्री नसते. १७ नंबरच्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला आहे, असं सुरुवातीच्या तपासणीत निघालं असेल, तरीही डॉक्टर घाई करतात. लघवीला फेस येणं, कुशीवर वळताना बरगडीत कळ येणं, जिना चढताना नव्यानं धाप लागणं, या गोष्टी रिपोर्टाची तारीख यायची वाट न पाहता कळवायच्या.

आता डोस जवळ आणण्याचा मुद्दा. आजार नेमका कोणत्या टप्प्यावर उलटतोय यावर सगळं अवलंबून आहे.

औषध मुळात थांबवलेलं किंवा फार लांबवलेलं असताना आजार डोकं वर काढत असेल, तर ते पुन्हा सुरू करण्याला चांगला आधार आहे. युरोप आणि ऑस्ट्रेलियात ७०९ नव्या रुग्णांवर झालेल्या पर्सियस चाचणीत ही तरतूद आधीच लिहून ठेवलेली होती. बोनमॅरो ट्रान्सप्लांटनंतर महिन्याला डाराट्युमुमॅब आणि रोज लेनालिडोमाइडची गोळी. किमान दोन वर्षांनी, अत्यंत बारीक तपासणीतही वर्षभर आजाराची पेशी सापडली नाही तर डारा बंद, गोळी चालू. त्या तपासणीत पेशी पुन्हा दिसल्या, किंवा पूर्ण उतरलेला आजार परत दिसू लागला, तर डारा पुन्हा चालू. देखभालीच्या टप्प्यावर पोचलेल्या ३२२ पैकी २०७ जणांचं औषध असं थांबवता आलं. चार वर्षांनी डारा मिळालेल्या गटातल्या ८४ टक्के रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता. ज्यांना डारा दिलंच नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ६८ टक्के होतं. यातून मिळणारी शिकवण कामाची आहे: औषध बंद करणं आणि औषध निकामी होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बंद असताना आजार परतला, तर औषध हरलेलं नाही, ते मैदानातच नव्हतं.

लिम्फोमातही याची एक जुनी चाचणी आहे. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या कमी आजार असलेल्या रुग्णांना रिटुक्सिमॅबचे चार डोस दिले. मग निम्म्यांना दर तीन महिन्यांनी एक असं चालूच ठेवलं, आणि उरलेल्यांना आजार परत वाढला तरच आठवड्याला एक असे चार डोस पुन्हा दिले. २०१४ साली निकाल आला. उपचार निकामी ठरायला लागलेला काळ दोन्हीकडे जवळजवळ सारखा, ४.३ वर्षं आणि ३.९ वर्षं, मात्र पहिल्या गटातल्या मधल्या रुग्णाला १८ डोस लागले आणि दुसऱ्या गटातल्याला ४. हा वेगळा आजार आणि वेगळं औषध, तेव्हा त्याचा निकाल जसाच्या तसा मायलोमाला लावता येत नाही. पण ‘थांबा, पाहा, लागलं तर आठवड्याचा फेरा द्या’ ही रीत कुणाच्या लहरीतून आलेली नाही, एवढं त्यातून दिसतं.

दुसरी परिस्थिती मुलाच्या प्रश्नातली: महिन्याचा डोस एकही न चुकवता चालू असताना आकडा चढतोय. इथे माझा कल स्पष्ट आहे. नुसतं वेळापत्रक घट्ट करून फार काही हाती लागेल, अशी आशा धरू नये. कारण उलटलेल्या मायलोमाच्या पेशी तीन युक्त्या करून बसलेल्या असतात. पहिल्या काही डोसांतच त्यांच्या अंगावरचं सीडी३८ कमी झालेलं असतं, म्हणजे औषधाला धरायला जागाच थोडी. वर, आजार उलटताना त्या सीडी५५ आणि सीडी५९ नावाची प्रथिनं वाढवतात, जी कॉम्प्लिमेंटची भोकं पडू देत नाहीत. आणि तिसरं म्हणजे, ज्यांनी मारायचं त्या एनके पेशींच्या अंगावरही सीडी३८ असतं, त्यामुळे औषधानं त्यांचीही संख्या रोडावलेली असते. वर म्हटलं होतं की हे औषध बरंचसं मारून घेतं. मारणारेच कमी पडले तर खुणा कितीही करून काय उपयोग? औषध बंद केल्यावर पेशींवरचं सीडी३८ पूर्वपदावर यायला साधारण सहा महिने लागतात, असं नेदरलँड्समधल्या अभ्यासात दिसलं आहे.

मग डॉक्टर काय करतात? जोडीदार बदलतात. एकट्या डाराट्युमुमॅबनं, अनेक उपचार होऊन गेलेल्या रुग्णांत, सुमारे दहातल्या तिघांना गुण आला होता. तेच औषध बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोनसोबत दिलं तेव्हा ८३ टक्के, लेनालिडोमाइडसोबत ९३ टक्के. या चाचण्यांतले रुग्ण कमी थकलेले होते, हे मान्य. तरीही फरक एवढा आहे की वेळापत्रकाच्या खटपटीपेक्षा जोडीला काय आहे याचंच वजन जास्त पडतं. पोमालिडोमाइड किंवा कारफिल्झोमिब हे आत्तापर्यंत न वापरलेले जोडीदार असतील तर ते येतात. लेनालिडोमाइड, पोमालिडोमाइड या गोळ्या एनके आणि टी पेशींना चेतवतात, म्हणजे मारणाऱ्यांची बाजू सावरतात. अशा नव्या जोडीसोबत डारा ठेवायचं ठरलं, आणि मधे बराच खंड पडलेला असेल, तर ते पुन्हा पहिल्यापासून, आठवड्याच्या पायरीनं सुरू करतात. घरच्यांना वाटतं, ‘बघा, शेवटी आठवड्यालाच आणलं ना!’ खरं म्हणजे काम नव्या जोडीनं करायचं असतं. आठवड्याचे डोस टाकी भरायला.

डारावर आजार ठळकपणे उलटला असेल तर पुष्कळदा सीडी३८ ची वाटच सोडून देतात. टेक्लिस्टमॅबसारखी दोन टोकांची प्रतिपिंडं एका हातानं मायलोमाच्या पेशीवरचं बीसीएमए नावाचं प्रथिन धरतात आणि दुसऱ्या हातानं टी पेशीला ओढून आणतात. पहिले चढते डोस रुग्णालयात राहून, मग आठवड्याला एक. इथे वेळापत्रकाची दिशा उलटी असते: आजार पूर्ण उतरून सहा महिने तसाच राहिला, की आठवड्यावरून पंधरवड्यावर जाता येतं. सतत चेतवत राहिलं तर टी पेशी थकतात. मधे विश्रांती मिळाली की पुन्हा ताज्या होतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. शिवाय संसर्ग कमी होतात. तेव्हा ‘जास्त वेळा म्हणजे जास्त चांगलं’ हा आडाखा या औषधांच्या बाबतीत तर आणखीच लंगडा आहे.

डोस कमी करून चालतं का, हा याच्याच उलट प्रश्न, आणि आपल्याकडे तो खर्चापायी रोज विचारला जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं तोंड-घशाच्या कर्करोगात निवोलुमॅब हे प्रतिपिंड दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी देऊन पाहिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. २०२२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा जगभर चर्चा झाली. पण ते औषध टी पेशींचा ब्रेक काढतं, आणि त्याला थोडी मात्रा पुरते. डाराट्युमुमॅबला पेशींवरच्या जागा भरायच्या असतात. मायलोमाच्या सुप्त अवस्थेत तीन वेगवेगळी वेळापत्रकं ताडून पाहिली गेली, तेव्हा नुसते सुरुवातीचे आठ साप्ताहिक डोस देऊन थांबण्यापेक्षा पुढे विरळ डोस चालू ठेवलेले गट सरस ठरले. म्हणून टाटाचं उदाहरण दाखवून कुणी आपला डोस आपणच निम्मा करू नये.

पुण्यात डोस जवळ आणायचे म्हणजे काय, तेही पाहू. पहिल्यापासून फेरा सुरू केला तर येत्या वर्षात १३ ऐवजी २३ डोस. दहा डोस जादा, आणि तेही बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत दाटलेले. सोलापूर, सातारा, अहिल्यानगरहून येणाऱ्यांसाठी आठ आठवडे दर आठवड्याची एसटी, आदल्या दिवशी रक्ततपासणी, नाहीतर नातेवाइकांकडे मुक्काम. कातडीखालचं इंजेक्शन असेल तर पाच मिनिटांसाठी अख्खा दिवस मोडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३३ औषधांवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झाला. त्यात डाराट्युमुमॅबचे दोन्ही प्रकार आणि टेक्लिस्टमॅब आहेत. बिलात हा बदल उतरलाय का ते पाहायला हरकत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण कोणतं इंजेक्शन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला डोस ठरण्याआधीच विचारावं. खासगी विमा असेल तर आठवड्याच्या फेऱ्यासाठी नवी पूर्वपरवानगी लागते. जुन्या महिन्याच्या परवानगीवर गेलं की दाव्याचा कागद परत येतो.

पुन्हा आठवड्याचा फेरा सुरू करताना काही जुन्या गोष्टी नव्यानं कराव्या लागतात. मोठा खंड पडला असेल तर पहिल्या डोसला पुन्हा रिअ‍ॅक्शनची तयारी: तासभर आधी पॅरासिटामॉल, अ‍ॅलर्जीची गोळी किंवा इंजेक्शन, स्टेरॉइड. नागिणीसाठी असायक्लोव्हिर बंद केलं असेल तर चालू. हिपॅटायटिस बी ची तपासणी झालेली आहे ना, ते पाहायचं. तो विषाणू या उपचारात पुन्हा जागा होऊ शकतो. आयजीजीची पातळी फार खाली गेली असेल आणि छातीचे संसर्ग वारंवार होत असतील, तर इम्युनोग्लोब्युलिनचं सलाईन.

आणि रक्तपेढी. तांबड्या पेशींवरही थोडं सीडी३८ असतं. त्यामुळे डारावरच्या रुग्णाचं रक्त जुळवून पाहताना तपासणी खोटीच ‘जुळत नाही’ म्हणते, आणि हे शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांपर्यंत चालू शकतं. ससून असो, जनकल्याण असो की खासगी रुग्णालयाची पेढी असो, तंत्रज्ञाला आधी सांगितलं तर तो डीटीटी नावाचं रसायन वापरून मार्ग काढतो. सांगितलं नाही तर रात्री अकरा वाजता हिमोग्लोबिन ५ असलेल्या माणसाचे नातेवाईक या पेढीतून त्या पेढीत हिंडत राहतात. पहिला डोस सुरू होण्याआधी रक्तगट आणि अँटिबॉडी स्क्रीनचा जो रिपोर्ट केलेला असतो, त्याची झेरॉक्स पाकिटात असावी.

फेरा सुरू करतानाच तो कधी थांबवायचा तेही ठरवून घ्यावं. साधारण दोन महिन्यांत, त्याच लॅबमध्ये, डोसच्या आधी घेतलेल्या रक्तात आकडा उतरायला हवा. निदान चढायचा थांबायला हवा. तसं झालं तर पंधरवड्याकडे, मग महिन्याकडे सरकायचं. झालं नाही, तर रुग्णाला औषध सोसतंय या एकाच कारणासाठी ते ओढत नेण्यात अर्थ नाही. त्या दिवशी फाईलच्या पहिल्या पानावर शेवटच्या डोसची तारीख ठळक लिहावी. सीडी३८ परत येण्याचे सहा महिने त्या तारखेपासून मोजले जातात, रक्तपेढीचेही. पुढे सीडी३८ वरचं औषध पुन्हा आजमावायचा विचार निघाला, की डॉक्टर ही तारीख विचारतात.